शेवटच्या टप्प्यातील कुत्र्या-मांजरांना घरी सांभाळताना

निवाऱ्यातून एखादे म्हातारे कुत्रे किंवा असाध्य आजाराचे मांजर घरी आणून त्याचे उरलेले दिवस सुसह्य करणे, याला उपशामक पालकत्व म्हणतात. आजार बरा होणार नाही हे मान्य करून वेदना, मळमळ, धाप, भीती आणि अस्वच्छता आटोक्यात ठेवायची, एवढाच त्याचा हेतू असतो. निवाऱ्यातील भुंकण्याच्या गोंगाटात थकलेल्या जनावराला झोप लागत नाही, आणि इतक्या प्राण्यांत एकाने आज पाणी कमी प्यायले हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. घरातल्या माणसाच्या ते येते. रोज पाहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे हेच पालकाचे मुख्य काम आहे, औषधपाणी त्यानंतर येते.

प्राणी आणण्यापूर्वी

निदान कागदावर मागून घ्यावे. ‘आता याचे काही खरे नाही’ हा शेरा पुरेसा नसतो, कारण असाध्य दिसणारे काही आजार प्रत्यक्षात बरे होतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर वाढणारी, फुलकोबीसारखी दिसणारी, रक्त गळणारी संसर्गजन्य गाठ पाहून माणूस हबकतो. पण आठवड्याला एक याप्रमाणे व्हिनक्रिस्टिन या कर्करोगावरील औषधाची काही इंजेक्शने दिल्यावर ती बहुधा पूर्ण जिरते. गोचीडतापाने निपचित पडलेले, हिरड्या पांढऱ्याफटक पडलेले कुत्रेसुद्धा वेळेवर औषध मिळाल्यास उभे राहू शकते. अशा प्राण्याला उपशामक काळजीत टाकणे म्हणजे त्याचा उपचार नाकारणे होय. मूत्रपिंड निकामी होत आलेली मांजरे, हृदयविकाराची म्हातारी कुत्री, पसरलेला कर्करोग, अपघातात मणका तुटून मागचे पाय गेलेले प्राणी, ही खरी उपशामक पालकत्वाची प्रकरणे.

याउलट, अचानक वागणे बदललेले, लाळ गाळणारे, खालचा जबडा लोंबणारे किंवा गिळता न येणारे जनावर ‘वयामुळे तसे झाले असेल’ असे समजून कधीही घरी आणू नये. २०२१ साली आपला गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले, हे खरे. तरीही अशा लक्षणांच्या बाबतीत गाफील राहून चालत नाही. पालकाने स्वतः चाव्याआधीची रेबीज लस घेऊन ठेवावी (दिवस ०, ७ आणि २१ किंवा २८), आणि ती घेतलेली असली तरी चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

निवारा चालवणाऱ्या संस्थेशी लेखी बोलणे करून घ्यावे. खर्च कोणाचा, कोणत्या पशुवैद्याकडे जायचे, पेडणे किंवा सत्तरीसारख्या दूरच्या तालुक्यात राहणाऱ्याने रात्री-अपरात्री नेमके कोणाला फोन करायचा, कोणत्या तपासण्या आता करायच्या नाहीत, श्वास थांबल्यास पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा की नाही आणि दयामरणाचा निर्णय कोण घेणार, हे सर्व प्राणी घरात येण्यापूर्वी ठरलेले असावे. नंतर लळा लागलेला असतो आणि मध्यरात्री धाप लागलेल्या कुत्र्याशेजारी बसून या गोष्टींवर शांत डोक्याने विचार होत नाही.

जागा आणि अंथरूण

घरातला सर्वांत शांत, पण माणसांच्या नजरेतला कोपरा निवडावा. जुन्या घरांतील बलकाव (दारापुढची बसायची जागा) किंवा पडवी उन्हाळ्यात बरी वाटते. मात्र जूनपासून तिथे पावसाची झड येते आणि थरथर कापणाऱ्या म्हाताऱ्या अंगाला ओल बाधते. गुळगुळीत लादीवर सांधे धरलेले कुत्रे पाय फाकून पडते आणि एकदा पडले की उठायचे टाळू लागते. त्यामुळे अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत गोणपाट किंवा रबरी पायपुसणी सलग पसरावीत. पाण्याचे भांडे विटेवर ठेवून मान न वाकवता पोचेल इतके उंच करावे. मांजराच्या शौचासाठी माती भरलेल्या ट्रेची एक बाजू कापून खाली करावी.

खाली जाड फोम, त्यावर इस्पितळात वापरतात तसली रबरी चादर आणि सर्वांत वर जुन्या सुती साड्यांच्या घड्या, ही मांडणी आपल्याकडच्या पावसाळ्याला सोयीची आहे, कारण जुलैत गोधडी दोन दिवस वाळत नाही आणि साडी पंख्याखाली रात्रीत वाळते. पलंगपोस-गाद्यांवर पैसे घालवण्याची गरज नाही. फिनेलने मात्र लादी पुसू नये. मांजरे पंजे चाटतात आणि त्यातील रसायने त्यांना विषारी ठरतात. कुत्र्यांसाठी मिळणारी पर्मेथ्रिनयुक्त गोचीडनाशके मांजरांच्या जिवावर बेततात, म्हणून घरात दोन्ही प्राणी असतील तर बाटलीवरचा घटक वाचल्याशिवाय काहीही लावू नये.

न उठणाऱ्या जनावराची कूस दर चार तासांनी बदलावी, शक्य असल्यास त्याहून लवकर. ओढून किंवा पाय धरून उलटे करू नये. एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांखाली घालून आधी त्याला पोटावर बसते करावे, क्षणभर तसेच ठेवावे म्हणजे चक्कर ओसरते, आणि मग हलकेच दुसऱ्या कुशीवर टेकवावे. कूस बदलताना कोपर, नितंबाचे हाड आणि खांदा बोटांनी चाचपावा: केस विरळ झालेली, लालसर, कोमट जागा म्हणजे शय्याव्रणाची सुरुवात. मूत्राने भिजलेली कातडी कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडी करावी. लहान मुलांच्या पुरळावरची झिंक ऑक्साइडची क्रीम लावण्याचा मोह होतो, पण चाटून पोटात गेलेले झिंक अपायकारक असते. पावसाळ्यात माश्या बसून उघड्या जखमेत एका दिवसात अळ्या पडू शकतात. त्यामुळे शेपटीखाली आणि मांड्यांच्या सांध्यात दिवसातून दोनदा उजेडात पाहणे चुकवू नये.

मागचा भाग लुळा असलेल्या कुत्र्याचे मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून रिकामे करावे लागते. थेंबथेंब गळते आहे म्हणजे लघवी होते आहे, हा समज घातक आहे. बऱ्याचदा ते भरून वाहणारे मूत्राशय असते. हे तंत्र पशुवैद्याच्या हाताखाली प्रत्यक्ष शिकावे, वाचून शिकण्यासारखे ते नाही. हातमोजे घालावेत, कारण लेप्टोस्पायरोसिस या माणसालाही होणाऱ्या आजाराचे जंतू मूत्रातून पसरतात.

वेदना आणि औषधे

कुत्रे विव्हळत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असे नसते. शांत बसले असता जीभ काढून धापणे, एकच सांधा चाटत राहणे, रात्री जागा बदलत फिरणे, हात लावताच मान वळवणे ही कुत्र्याची भाषा आहे. मांजर तर दुखणे लपवण्यात पटाईत: ते खिडकीत उडी मारायचे थांबते, पाठीवरचे केस चाटून साफ करत नाही म्हणून तिथे गुंते होतात, आणि पंजे पोटाखाली ओढून डोळे अर्धवट मिटून बसते. घरचे म्हणतात, ‘किती शहाणे झाले!’

घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्यांची जठरे आणि मूत्रपिंडे खराब करतात. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक पशुवैद्य देतात, पण मात्रा वजनावर ठरते आणि मूत्रपिंडाच्या रुग्णात ते जपूनच वापरावे लागते. गॅबापेंटिन हे दुखण्यावरचे औषध लिहून दिले असेल आणि माणसांसाठीचे पातळ औषध हाती आले, तर त्यात झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ नाही ना हे पाहावे, कारण कुत्र्यांना ते विष आहे. वेदनाशामक ठरल्या वेळी द्यायचे. दुखू लागल्यावर द्यायचे म्हटले की ते सतत वेदनेच्या मागे धावत राहते.

गोळी देताना कुत्र्याचा वरचा जबडा सुळ्यांच्या मागे एका हाताने धरून नाक थोडे वर करावे, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवून तोंड मिटावे आणि गळा खालच्या दिशेने चोळावा; नाक चाटले की गिळली असे समजावे. मांजराला गोळीनंतर सिरिंजने सुमारे पाच मिलिलिटर पाणी हळूहळू पाजावे. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकासारखी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडून नळी अरुंद होते आणि बिचारे जनावर आपल्या हातूनच एका नव्या दुखण्याला लागते.

हृदयाच्या रुग्णाचे झोपेतले श्वास मोजावेत. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावे. मिनिटाला तीसपेक्षा कमी असणे ठीक. सलग दोन-तीन वेळा आकडा त्याच्या वर गेला तर फुप्फुसांत पाणी साचत असल्याचा तो इशारा असू शकतो, आणि त्याच दिवशी फोन करावा. हिरड्या निळसर दिसत असतील तर फोनवर वेळ न घालवता निघावे.

खाणे

भूक मंदावणे हा आजाराचाच भाग आहे आणि पालकाला सर्वाधिक छळणारी गोष्टही हीच. अन्न कोमट करून वास वाढवावा, थोडे थोडे द्यावे, ताट समोरून वीस मिनिटांनी उचलावे. बांगड्याचे नुसते उकळलेले पाणी, मीठ-मसाला न घालता, रुसलेल्या मांजराला पुष्कळदा जेवणाकडे वळवते. घरातली हुमण (माशांची आमटी) किंवा आमटी चालणार नाही, कांदा आणि लसूण दोन्ही प्राण्यांच्या रक्तपेशी नष्ट करतात. सुकी मासळी मिठामुळे हृदय आणि मूत्रपिंड या दोन्हींच्या रुग्णांना वर्ज्य. उकड्या तांदळाची पेज पोटाला हलकी असली तरी तेवढ्यावर प्राणी टिकत नाही. मांजर दोन दिवस पूर्ण उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचू लागते, तेव्हा तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मळमळ थांबवणारे औषध दिल्यावरही प्राणी तोंड फिरवत असेल, तर जबरदस्तीने घशात कोंबू नये. माझ्या मते असे भरवणे बहुतेक वेळा आपल्या समाधानासाठी असते, आणि श्वासनलिकेत अन्न गेल्यास न्यूमोनिया होतो तो वेगळाच.

वही आणि निर्णय

रोज रात्री एक ओळ लिहावी: किती खाल्ले, पाणी, लघवी, शौच, श्वास, औषधे, आणि आपल्या आवडीची एखादी गोष्ट त्याने केली का. डॉ. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्यांनी केलेली मोजपट्टी इथे उपयोगी पडते. वेदना, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांच्या तुलनेत चांगले दिवस, अशा सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज पस्तीसच्या वर असेल तर जगणे अजून सुसह्य आहे असे धरतात. गुण देणारी व्यक्ती एकच असू नये. आठवड्यातून एकदा, प्राण्याला रोज न पाहणाऱ्या कोणाकडून ते देऊन घ्यावेत, कारण घसरण हळूहळू होत असेल तर रोज पाहणाऱ्याला ती दिसत नाही. गणेशचवथीच्या फटाक्यांत किंवा दिवाळीआधीच्या नरकासुराच्या रात्रीच्या ढणढणाटात एक दिवस वाईट गेला म्हणून निष्कर्ष काढू नये. त्या रात्रींसाठी शामक औषध आधीच विचारून ठेवावे.

दयामरण केवळ नोंदणीकृत पशुवैद्याच्या हातूनच व्हावे. रस्त्यावरच्या कुत्र्यांबाबत २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत असाध्य आजारी आणि प्राणघातक जखमी कुत्र्यांसाठी तशी तरतूद आहे, आणि निर्णयाची कागदोपत्री जबाबदारी संस्थेने घ्यायची असते. आधी गुंगीचे औषध, मग शेवटचे इंजेक्शन, असा क्रम मागून घ्यावा. शक्य असल्यास घरीच, त्याच्या नेहमीच्या अंथरुणावर.

दयामरणाच्या इंजेक्शनातील पेन्टोबार्बिटलने गेलेल्या प्राण्याचे शरीर उघड्यावर किंवा उथळ खड्ड्यात ठेवू नये, कारण ते उकरून खाणारे कोल्हे, घारी आणि भटकी कुत्री विषबाधेने मरतात. चार फूट खोल खड्डा घ्यावा, विहिरीपासून लांब; पावसाळ्यात सखल भागात खणताच पाणी लागते, म्हणून उंचावरची जागा आधीच हेरून ठेवावी, आणि चिऱ्याच्या कातळात खणणे जमणार नसेल तर दहनाची सोय संस्थेला विचारावी. उरलेली औषधे परत करावीत. पार्व्हो या संसर्गजन्य विषाणूजन्य आजाराचा प्राणी होऊन गेला असेल तर ते विषाणू घरात आणि अंगणात महिनोन्‌महिने टिकतात, तेव्हा लसीकरण न झालेले पिल्लू त्या जागी किमान वर्षभर आणू नये. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णानंतर मात्र धुतलेल्या साड्या वाळल्या की पुढचा प्राणी घ्यायला हरकत नाही.