संशयास्पद व्यवहार ओळखताना या चुका टाळा

खाती तपासायला बसलेल्या नव्या माणसाची नजर पहिल्यांदा मोठ्या आकड्यावर जाते. पण पैसा धुणाऱ्याला, म्हणजे गुन्ह्यातून आलेला पैसा स्वच्छ भासवणाऱ्याला, बँकेची मर्यादा पाठ असते. ज्या रकमेपासून बँकेला सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं, तिच्या जरा खालचे भरणे तो निरनिराळ्या शाखांत, निरनिराळ्या माणसांच्या हातून करतो. याला ‘स्मर्फिंग’ म्हणतात. एकेक स्लिप पाहिली तर काहीच खटकत नाही. आठवडाभराच्या स्लिपा शेजारी शेजारी मांडा, मग दिसतं.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक दुसरीच आहे. मनी लाँडरिंग (पैसा धुणं) आणि दहशतवादाला होणारा अर्थपुरवठा एकाच चष्म्यातून पाहिला जातो. पैसा धुणारा माणूस पैसा आला कुठून हे लपवतो, तर दहशतवाद्यांना पुरवणारा पैसा चालला कुठे हे लपवतो. म्हणजे हा दुसरा पैसा पगाराचा, देणगीचा, रीतसर धंद्यातला असू शकतो, आणि थोडकाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांच्या कटाला चार ते पाच लाख डॉलर लागले, असं अमेरिकेच्या चौकशी आयोगाने नोंदवलं. त्यातला बराचसा पैसा साध्या बँक ट्रान्सफरने आणि रोखीने फिरला. पैशाचा उगम स्वच्छ दिसला म्हणून फाइल मिटू नका; पैसे कोणाला जातात, कोणत्या भागात काढले जातात, तेही बघा.

आयात-निर्यातीत कागद जुळले की तपासणारा निर्धास्त होतो. कागद जुळणारच, ते जुळवूनच आणलेले असतात. भाव पाहा. साध्या मालाला बाजारभावाच्या कितीतरी पट दर लावला असेल, तर मालाच्या आडून पैसाच परदेशी चाललेला असू शकतो. एकाच मालाची बिलं दोन बँकांत लावली जातात. कधी तर जहाजात काही चढलेलंच नसतं.

कंपनीच्या संचालकाचं नाव मिळालं की शोध थांबवू नका. कंपनीच्या मागे कंपनी, तिच्या मागे ट्रस्ट असं करत शेवटी हाडामांसाच्या खऱ्या मालकापर्यंत पोचायचंच.

उलट्या टोकाची चूकही तितकीच वाईट. सगळ्या सेवाभावी संस्थांना संशयित धरून त्यांची खाती बंद केली, तर मदत अडते आणि पैसा नजरेआडच्या वाटांनी फिरू लागतो. असे गैरव्यवहार रोखण्याचे जागतिक निकष ठरवणाऱ्या ‘एफएटीएफ’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये सेवाभावी संस्थांबद्दलची आपली आठवी शिफारस बदलली ती याच कारणाने: सरसकट संशय नको, जिथे धोका आहे तिथे लक्ष द्या.

आणि ज्यांचा बँकेच्या कामाशी संबंध नाही, त्यांनी आपलं खातं कोणालाही वापरायला देऊ नये. ‘पैसे तुमच्या खात्यात येतील, कमिशन ठेवून पुढे पाठवा’ ही नोकरी नसते. पैसे आधीच आले असतील तर घाबरून ते पुढे पाठवू नका, आणि सांगेल त्या खात्यावर परतही करू नका. परतीचं खातं बहुतेकदा तिसऱ्याचंच असतं. रकमेला हात न लावता बँकेला लेखी कळवा, पोलिसांत तक्रार द्या, मेसेज जपून ठेवा. समोरच्याला मात्र यातलं काही सांगू नका.