मुंबई ते लंडन : अंतर, वेळ आणि निघण्यापूर्वीची तयारी

मुंबई आणि लंडन यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. ताशी 900 किलोमीटरच्या वेगाने ते आठ तासांत कापले जावे, असा कागदावरचा हिशेब निघतो. परंतु वेळापत्रकात थेट विमानाला जाताना साधारण दहा आणि येताना सुमारे नऊ तास दिलेले असतात, आणि तयारी याच आकड्यांवर करावी. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते पलीकडे जागेवर उभे राहीपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते, त्यामुळे गर्दीच्या वेळी उड्डाणासाठी रांगेत थांबावे लागते. त्याखेरीज उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ते जाताना अडवतात आणि येताना साथ देतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र भारतीय विमानांना बंद केल्यापासून कोणत्या कंपनीचे विमान आहे यावरही मार्ग आणि वेळ ठरू लागली आहे, म्हणून तिकीट काढताना प्रवासाचे एकूण तास अवश्य पाहावेत.

सर्वप्रथम तारीख तपासावी. बारा तारखेच्या रात्री दोनचे विमान म्हणजे घरातून अकरा तारखेच्या संध्याकाळीच निघायचे, हे घरातील प्रत्येकाला स्पष्ट सांगावे, विशेषतः ज्येष्ठ मंडळी एकटी जाणार असतील तर.

त्यानंतर दोन्हीकडच्या घड्याळांचा मेळ घालावा. लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तेथील घड्याळ एक तास पुढे असल्याने हा फरक साडेचार तासांवर येतो. मुंबईहून रात्री दोनला निघालेले विमान दहा तासांनी पोहोचते तेव्हा लंडनमध्ये जानेवारीत सकाळचे साडेसहा वाजलेले असतात, तर जुलैमध्ये साडेसात. तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. त्यांची नुसती वजाबाकी केल्यास प्रवास साडेचार-साडेपाच तासांचाच वाटतो. औषधांसाठी हे फार महत्त्वाचे आहे. इन्सुलिन किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवशी कोणती मात्रा कधी घ्यायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे आणि ती औषधे चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत.

घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ मात्र नकाशावरील किलोमीटरवरून काढू नये. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी टर्मिनल 2 वर पोहोचायचे, तर डोंबिवली किंवा विरारहून येणाऱ्यांनी पावसाळ्यात त्याहूनही मोठी मुभा धरावी. मेट्रो 3 चे स्थानक टर्मिनलजवळ आहे. परंतु मध्यरात्रीनंतर मेट्रो नसते आणि मोठ्या बॅगांसह गाड्या बदलत येणे कष्टाचे होते, म्हणून टॅक्सी आधीच ठरवलेली बरी.

दुबई किंवा दोहामार्गे जाणाऱ्यांनी मधला थांबा धरूनच एकूण वेळ मोजावा; दोन तासांहून कमी थांब्याचे तिकीट स्वस्त मिळाले तरी ते घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. हीथ्रोवर उतरल्यावर पासपोर्ट तपासणी आणि सामान यांत तास-दीड तास जाऊ शकतो, तेव्हा न्यायला येणाऱ्यांना लंडनच्या घड्याळाप्रमाणे वेळ, टर्मिनल आणि विमानाचा क्रमांक निघण्यापूर्वीच कळवावा.