ओपन स्पेसला सावली हवी असेल तर

झाडांसाठी खड्डे खणण्याआधी मैदानात एक अख्खा दिवस बसा. मी एप्रिलमधल्या एका रविवारी धुळ्याच्या देवपुरात, आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर, घडीची खुर्ची टाकून बसले. दूधवाल्याने विचारलं, "ताई, काय करी राहिनात?" म्हटलं, ऊन मोजतेय. तासातासाला सावलीची कड फक्कीने आखली. दुपारी तीननंतर बाकडी भाजतात ती पश्चिमेच्या उन्हाने. म्हणून कडुनिंब आणि करंज पश्चिमेच्या कडेला, वीस-वीस फुटांवर. दक्षिणोत्तर रस्त्यालाही हेच लागू. पश्चिमेचं झाड दुपारनंतर रस्त्यावर सावली धरतं.

मधली जागा पोरांना सोडा. पहिल्या वर्षी आम्ही तिथेच तीस रोपं लावली, फोटो काढले. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, चार उरली. चूक आमचीच, क्रिकेटची नाही.

इबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ साली उद्याननगराची, म्हणजे मोकळ्या हिरव्या जागा राखून आखलेल्या शहराची, कल्पना मांडली आणि १९०३ पासून इंग्लंडात लेचवर्थ हे पहिलं उद्याननगर उभं राहू लागलं, तेव्हा घरांच्या आधी मोकळी जागा नकाशावर आली होती. आखणारे वास्तुविशारद पार्कर आणि अनविन. अनविन तर एकरी बाराच घरं पुरेत म्हणायचे! आपल्या जुन्या धुळ्यातल्या नंबरी गल्ल्याही पट्टीने आखल्यासारख्या सरळ, पण झाडाला तिथे बोटभर जागा नाही. आपल्या हातात आहे तो लेआउटमधला तुकडा, तोच नीट वापरायचा.

खड्डे मे महिन्यातच घ्या, दोन फूट लांब-रुंद-खोल, आणि उन्हात तापू द्या. काळ्या मातीत पोयटा, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. दोन चांगले पाऊस झाले की कमरेएवढं रोप लावा. वीतभर रोप शेळीच्या एका घासाचं. भोवती बाभळीच्या काट्या.

खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात. जुन्या माठाच्या बुडाला बारीक भोक पाडायचं, कापसाची वात ओवायची आणि रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचा. तोंडावर फरशीचा तुकडा, नाहीतर डास होतात. आमच्याकडे तीन दिवसांआड एक घागर पुरली. असे दोन उन्हाळे काढा.

विजेच्या तारांखाली मात्र निंब नको. तिथे पारिजातक किंवा तगर लावा, म्हणजे दर पावसाळ्याआधी लाइनमनशी भांडण नाही.