राष्ट्रपतींचे परराष्ट्र संबंधांवरील भाषण कसे वाचावे

मराठीत आपण भारताच्या घटनात्मक प्रमुखांना राष्ट्रपती म्हणतो आणि अमेरिका, रशिया किंवा फ्रान्सच्या प्रमुखांना अध्यक्ष वा राष्ट्राध्यक्ष म्हणतो. हा भेद आपण बहुधा सवयीने पाळतो, पण त्यांची भाषणे वाचताना तो अतिशय उपयोगी पडतो. १२ मार्च १९४७ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी तेथील काँग्रेससमोर उभे राहून ग्रीस आणि तुर्कस्तानच्या मदतीसाठी ४० कोटी डॉलरची मागणी केली, तेव्हा ते भाषण म्हणजेच धोरण होते. बोलणारा आणि निर्णय घेणारा माणूस एकच होता. भारताच्या राष्ट्रपतींचे तसे नसते. म्हणून त्यांची परराष्ट्र संबंधांवरील भाषणे ‘औपचारिक’ म्हणून बाजूला सारण्याची प्रथा वर्तमानपत्रांत आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासातही पडली आहे. ही प्रथा मला चुकीची वाटते. ज्या भाषणातला शब्द अनेकांच्या हाताखालून गेलेला असतो, त्यात सैलपणा कमी असतो, आणि म्हणूनच त्यातील लहानसा बदलही सहसा हेतुपूर्वक केलेला असतो. तो बदल ओळखायचा कसा, हे या लेखात सांगतो.

बोलणारे राष्ट्रपती, बोलते कोण?

भाषण हाती आले की आधी प्रसंग पाहावा, कारण प्रसंगावरून भाषणातला आवाज कोणाचा हे ठरते. संविधानाच्या अनुच्छेद ८७ नुसार लोकसभेच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनाच्या आणि दर वर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी राष्ट्रपती संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे एकत्रित अभिभाषण करतात. हे अभिभाषण मंत्रिमंडळ मंजूर करते आणि राष्ट्रपती ते वाचतात. त्यात वारंवार येणारे ‘माझे सरकार’ हे दोन शब्द वाचकाने कधीही नजरेआड करू नयेत, कारण त्यांच्यापुढे येणारे प्रत्येक वाक्य हे सरकारचे अधिकृत म्हणणे असते आणि आभारदर्शक प्रस्तावावरील चर्चेत विरोधी पक्ष त्यावर दुरुस्त्या सुचवू शकतो. परराष्ट्र धोरणाचा मजकूर या अभिभाषणात बहुधा उत्तरार्धात आणि मोजक्या परिच्छेदांत येतो. तेथे कोणत्या देशाचे नाव आधी आले, कोणाला स्वतंत्र वाक्य मिळाले आणि कोण ‘इतर मित्रदेशां’मध्ये मिसळून गेले, एवढे जरी दर वर्षी टिपून ठेवले, तरी दहा वर्षांच्या नोंदीतून धोरणाचा कल दिसू लागतो.

प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येचे भाषण वेगळ्या जातीचे असते. ते थेट जनतेला उद्देशून असते, त्यात ‘माझे सरकार’ ही शब्दयोजना केंद्रस्थानी नसते आणि राष्ट्रपतींच्या स्वतःच्या जडणघडणीला तेथे अधिक वाव मिळतो. परदेशी पाहुण्यांच्या सन्मानार्थ राष्ट्रपती भवनात दिलेल्या मेजवानीतील भाषण, परदेश दौऱ्यात तेथील संसदेपुढे केलेले भाषण, परदेशस्थ भारतीयांच्या मेळाव्यातील भाषण आणि नव्या राजदूतांकडून अधिकारपत्रे स्वीकारताना काढलेले उद्गार हे आणखी चार प्रकार आहेत. या सर्व प्रसंगी अनुच्छेद ७४ मधील मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याची चौकट कायम असते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो सल्ला स्पष्टपणे बंधनकारक केला आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. मात्र चौकट तीच असली तरी आतली मोकळीक प्रसंगागणिक कमी-अधिक होते. तेव्हा एखादे धारदार वाक्य सापडले, तर ते अभिभाषणातील आहे की मेजवानीतील, हे ठरवल्याशिवाय त्याचा अर्थ लावण्याच्या भरीस पडू नये.

एक भाषण पूर्ण वाचून पाहू

या प्रकाराचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच भाषण आधी वाचायला सांगेन, ते म्हणजे के. आर. नारायणन यांनी मार्च २००० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीतील भाषण. पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी. १९७८ मधील जिमी कार्टर यांच्या भेटीनंतर बावीस वर्षांनी अमेरिकेचे अध्यक्ष भारतात आले होते, मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतरचा दुरावा नुकता कमी होऊ लागला होता आणि भेटीच्या आधी क्लिंटन यांनी या उपखंडाचे वर्णन जगातील कदाचित सर्वांत धोकादायक जागा असे केले होते. यजमान नारायणन हे स्वतः परराष्ट्र सेवेतले. १९७६ ते १९७८ या काळात चीनमध्ये आणि १९८० ते १९८४ या काळात अमेरिकेत त्यांनी राजदूत म्हणून काम केले होते. अशा माणसाला मेजवानीतील शब्दाचे वजन कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

त्या भाषणात त्यांनी पाहुण्यांचे मनापासून स्वागत केले, दोन लोकशाही देशांतील नात्याचा गौरव केला, आणि त्याच ओघात असे सांगितले की, उपखंडाला सर्वांत धोकादायक जागा म्हणणारी भीतिदायक वर्णने शांतता मोडू पाहणाऱ्यांनाच बळ देतात. हे वर्णन कोणी केले, याचा उल्लेख त्यांनी केला नाही, आणि तशी गरजही नव्हती. राजनैतिक भाषणात मतभेद कसा मांडतात, याचा हा उत्तम नमुना आहे. वाक्याला कर्ता नसतो, पण ते कोणाला उद्देशून आहे हे सभागृहातल्या प्रत्येकाला कळते. म्हणून वाचताना ‘असे म्हटले जाते’, ‘असे सुचवण्यात आले आहे’ अशी कर्ता लपवणारी वाक्ये दिसली की तेथे पेन्सिलीने खूण करावी आणि ‘असे’ नेमके कोण म्हणाले होते, हे मागच्या काही आठवड्यांच्या बातम्यांत शोधावे.

त्याच भाषणातला दुसरा भाग मराठी वाचकासाठी आणखी मोलाचा आहे. एका आफ्रिकी मुत्सद्द्याचा हवाला देऊन नारायणन म्हणाले की, जग हे एक खेडे झाले आहे याचा अर्थ त्याचा कारभार एकच गावप्रमुख करील असा होत नाही. या लोकशाहीच्या युगात तो कारभार पंचायतीने करावा आणि संयुक्त राष्ट्रे हीच आपल्या दृष्टीने ती पंचायत होय. मूळ इंग्रजीतल्या गावप्रमुखाला मराठीत कोणता शब्द वापरावा? ‘सरपंच’ लिहिले तर मुद्दाच नाहीसा होतो, कारण सरपंच हा पंचायतीचाच निवडून आलेला प्रमुख असतो. ‘पाटील’ लिहिले तर विरोध नेमका उभा राहतो. वतनाने आलेली, एकट्याच्या हाती असलेली सत्ता एका बाजूला आणि पंचांचा एकत्र विचार दुसऱ्या बाजूला. एका शब्दाच्या निवडीवर परराष्ट्र धोरणाचा आशय असा अवलंबून असतो. मेजवानीचे भाषण दोघांचे असते, हेही विसरू नये; पाहुण्यांचे उत्तर आणि दुसऱ्या दिवशी, २२ मार्चला, क्लिंटन यांनी संसदेत केलेले भाषण शेजारी ठेवल्याशिवाय हे वाचन पुरे होत नाही.

जुने भाषण शेजारी ठेवावे

एकटे भाषण फारसे काही सांगत नाही. त्याच देशाविषयीचे आधीचे भाषण, किंवा त्याच दौऱ्यातील दुसऱ्या राजधानीतले भाषण, समोर ठेवले की ते बोलू लागते. ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रणव मुखर्जी जॉर्डन, पॅलेस्टाईन आणि इस्रायल अशा एकाच दौऱ्यावर गेले. पॅलेस्टाईन आणि इस्रायलला भेट देणारे ते पहिले भारतीय राष्ट्रपती होते. अल-कुद्स विद्यापीठातील भाषणात त्यांनी भारताच्या पॅलेस्टाईनविषयक धोरणाचे तीन पैलू सांगितले: तेथील जनतेशी बांधिलकी, त्यांच्या न्याय्य मागणीला पाठिंबा आणि राष्ट्रउभारणीत सहभाग. लगेच पुढे ते इस्रायलच्या संसदेत, क्नेसेटमध्ये, बोलले. ही दोन भाषणे एका टेबलावर उघडून बसावे आणि तीन गोष्टी तपासाव्यात: कोणता मुद्दा दोन्हीकडे आला, कोणता एकाच ठिकाणी आला आणि कोणता दोन्हीकडे टाळला गेला. भारताने इस्रायलला १९५० मध्ये मान्यता दिली, पूर्ण राजनैतिक संबंध मात्र १९९२ मध्ये प्रस्थापित झाले आणि पॅलेस्टाईन राष्ट्राला १९८८ मध्येच मान्यता दिली, हा इतिहास माहीत असेल तर प्रत्येक वाक्यातील तोल सांभाळण्याची धडपड स्पष्ट दिसते.

गाळलेला शब्द हा उच्चारलेल्या शब्दाइतकाच महत्त्वाचा असतो. पॅलेस्टाईनविषयीच्या भारतीय निवेदनांत ‘पूर्व जेरुसलेम ही राजधानी’ हे शब्द अनेक वर्षे येत असत. मे २०१७ मध्ये पॅलेस्टाईनचे अध्यक्ष महमूद अब्बास दिल्लीत आले, तेव्हा पंतप्रधानांच्या निवेदनात सार्वभौम, स्वतंत्र, एकसंध पॅलेस्टाईनचा पुरस्कार होता, पण हे शब्द नव्हते. ज्यांच्यापाशी जुनी निवेदने होती, त्यांनाच ही उणीव त्या दिवशी दिसली.

परदेशी अध्यक्षांचे भारतातील भाषणही याच काटेकोरपणे वाचावे. ८ नोव्हेंबर २०१० रोजी बराक ओबामा यांनी संसदेत सांगितले की, येत्या काळात भारत कायम सदस्य असलेल्या सुधारित सुरक्षा परिषदेची आपण वाट पाहत आहोत. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत ‘पाठिंबा’ एवढाच शब्द उरला. ‘येत्या काळात’ आणि ‘सुधारित’ हे दोन शब्द मथळ्यातून गळले, आणि खरी अट त्यांच्यातच होती. भारत अजूनही कायम सदस्य नाही. विशेषणे आणि काळवाचक शब्द वेगळ्या रंगाने अधोरेखित करण्याची सवय लावून घ्यावी, असे मी म्हणतो ते याचसाठी.

ठरावीक शब्दांची उतरंड

‘मैत्री’, ‘भागीदारी’, ‘व्यूहात्मक भागीदारी’ हे शब्द वरवर सारखे वाटतात, पण परराष्ट्र व्यवहारात त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. फ्रान्सशी भारताची व्यूहात्मक भागीदारी १९९८ मध्ये झाली. रशियाशी असलेल्या भागीदारीला २०१० मध्ये ‘विशेष आणि विशेषाधिकारप्राप्त’ अशी जोड मिळाली. जपानच्या बाबतीत २०१४ पासून ‘विशेष व्यूहात्मक आणि जागतिक’ असे म्हटले जाते. एखाद्या भाषणात ही पदवी पूर्ण आली की अर्धवट, हे पाहावे. मराठी वृत्तपत्रे यासाठी सामरिक, धोरणात्मक आणि व्यूहात्मक असे तिन्ही शब्द वापरतात. ‘सामरिक’ म्हटले की वाचकाच्या मनात युद्ध येते आणि ‘धोरणात्मक’ म्हटले की साधा धोरणविषयक निर्णय, म्हणून मी ‘व्यूहात्मक’ पसंत करतो. कोणताही शब्द निवडावा, पण एका मजकुरात तो बदलू नये. नाहीतर मूळ भाषणात नसलेली पायरी अनुवादात तयार होते.

प्रतीकांकडेही असेच पाहावे. चीनविषयीच्या भाषणांत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे स्मरण पुनःपुन्हा होते. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचा मृत्यू झाला. २००६ मध्ये चीनचे अध्यक्ष हू जिंताओ मुंबईत आले असता कोटणीसांच्या नातेवाइकांना आवर्जून भेटले. आपल्या माणसाचे नाव ऐकून ऊर भरून यावा, यात गैर काही नाही. मात्र सीमेसारखे अवघड प्रश्न बाजूला ठेवायचे असतात तेव्हा भाषणात इतिहासाला अधिक जागा मिळते, असे माझे निरीक्षण आहे, आणि म्हणून स्मरणाच्या परिच्छेदानंतर काय आले नाही, हेही पाहावे.

आश्वासनाचा पाठपुरावा

बहुतेक वाचक येथवर येत नाहीत, आणि नेमके हेच काम सर्वांत समाधान देणारे आहे. सप्टेंबर २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकी देशांच्या संयुक्त संसदेपुढे बोलताना ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी उपग्रह आणि फायबर ऑप्टिकच्या जाळ्याने आफ्रिकेतील देशांना जोडून भारतातून दूरशिक्षण आणि दूरवैद्यकीय सेवा पुरवण्याची कल्पना मांडली. ही कल्पना कागदावर राहिली नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते या ई-नेटवर्कचे उद्घाटन झाले आणि पुढे २०१९ मध्ये त्याच वाटेने ‘ई-विद्याभारती’ आणि ‘ई-आरोग्यभारती’ हा नवा टप्पा आला. सल्ल्याच्या चौकटीत राहूनही राष्ट्रपतींचे भाषण काय घडवू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर मार्च २०२४ चे घ्यावे. मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाच्या सोहळ्यासाठी गेलेल्या द्रौपदी मुर्मू यांनी तेथील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मिळू शकेल, अशी विशेष तरतूद जाहीर केली. मॉरिशसमध्ये मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आहे, त्यामुळे ही बातमी सातारा-रत्नागिरीतल्या वाचकालाही परकी नाही.

पाठपुराव्यासाठी एक साधी वही पुरते. डाव्या पानावर भाषणातील क्रियापद जसेच्या तसे लिहावे, कारण ‘देऊ’, ‘देण्याचा विचार करू’ आणि ‘देण्यास उत्सुक आहोत’ ही तीन वेगवेगळी आश्वासने आहेत. उजवे पान कोरे ठेवावे आणि करार, तरतूद किंवा उद्घाटन झाले की तारखेसह भरावे. मूळ मजकूर राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर मिळतो, माजी राष्ट्रपतींची भाषणेही तेथे जतन केलेली आहेत, आणि पत्र सूचना कार्यालय अनेक निवेदने मराठीतही प्रसिद्ध करते. मराठी अनुवादात शंका आली तर हिंदी आणि इंग्रजी असे दोन्ही अधिकृत मजकूर ताडून पाहावेत.

आरंभ करायचा असेल तर २५ जानेवारीची संध्याकाळ सोयीची आहे. सात वाजता आकाशवाणी आणि दूरदर्शनवर राष्ट्रपतींचे भाषण आधी हिंदीत आणि मग इंग्रजीत ऐकावे, रात्री आकाशवाणीच्या प्रादेशिक प्रसारणात त्याचे मराठी रूप ऐकावे, आणि झोपण्यापूर्वी मागील वर्षीचा मजकूर उघडून शेजारी देशांविषयीचे परिच्छेद समोरासमोर ठेवून वहीचे पहिले पान भरावे.