जपानी शाळेत शिकवायला जायचंय? मग आधी स्टाफरूममध्ये बसायला शिका

जपानी शाळेच्या दारात बाहेरचे बूट काढून आतले घालायचे असतात, हे मला माहीत होतं. ते आतले बूट आपले आपण घरून न्यायचे असतात, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. मग पाहुण्यांसाठीच्या हिरव्या रेक्झिनच्या सपाता मिळाल्या. त्या घालून जिना चढताना एक सपात सुटली आणि टप टप करत मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर जाऊन थांबली. मागून एक बाई हसू दाबत आली. तिनं आपल्या कपाटातून पांढऱ्या कॅनव्हासचा जोड काढून दिला. दोन नंबर लहान होता. टाचा चुरगाळून मी तो दिवसभर ओढला.

ती आते. टागालोगमध्ये आते म्हणजे थोरली बहीण, फिलिपिन्समध्ये मोठ्या बाईला असंच म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे आते म्हणजे बापाची बहीण. ती म्हणाली, "मग बरंच झालं, तुला ओरडायचा हक्क मिळाला."

ती बातांगास प्रांतातल्या लिपा गावची, कॉफीच्या मुलखातली. तिकडे सरकारी शाळेत नऊ वर्षं पन्नास-पन्नास पोरांचे वर्ग सांभाळून इथं आलेली. आमच्या प्राथमिक शाळेत तिची सहा वर्षं झाली होती. त्या एप्रिलमध्ये तिची बदली मैदानापलीकडच्या माध्यमिक शाळेत झाली आणि तिच्या जागी मी आले. जाताना ती एक तपकिरी वही ठेवून गेली. पुढे लिहितेय त्यातलं निम्मं त्या वहीतलं आहे, निम्मं माझ्या चुकांतलं. गाव शिझुओका प्रांताच्या पश्चिमेला, हामामात्सुच्या जवळ. हिवाळ्यात इथं काराक्काझे नावाचा कोरडा वारा सुटतो आणि पॅडल मारूनही सायकल जागची हलत नाही. आमच्या पदाला एएलटी म्हणतात, असिस्टंट लँग्वेज टीचर. वर्ग जपानी शिक्षकाचा, आपण जोडीला.

कागद

सरकारी शाळेत शिकवायला 'इन्स्ट्रक्टर' प्रकारचा व्हिसा लागतो. त्यासाठी पदवी हवी, आणि इंग्रजी शिकवायची असेल तर स्वतःचं किमान १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं हवं. आपली मराठी शाळेतली मंडळी इथंच हिरमुसतात. हिरमुसू नका, आधी हिशोब मांडा. मी सांगलीची, चौथीपर्यंत मराठी शाळेत. पाचवी ते बारावी इंग्रजी माध्यम, ती आठ वर्षं. बी.ए.ची तीन, बी.एड.ची दोन. झाली तेरा. आतेच्या वेळी तिच्या देशात शालेय शिक्षणच दहा वर्षांचं होतं, ते बारा वर्षांचं करणारा कायदा २०१३ मध्ये आला. तिनं दहात कॉलेजची चार मिळवली.

प्रत्येक संस्थेकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, 'या विद्यार्थिनीचं शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं' असं पत्र घ्या. आमच्या शाळेतल्या क्लार्ककाकांनी "कशाला पाहिजे ओ?" असं तीनदा विचारलं आणि शिक्का उलटा मारला. मी तसाच नेला असता. आईनं परत पाठवलं. आईचं बरोबर होतं.

नोकरीच्या वाटा तीन. परदेशी तरुणांना जपानी शाळांत आणणारा, १९८७ पासून चालू असलेला सरकारी जेट कार्यक्रम, त्याचा अर्ज दूतावासामार्फत. शहराच्या शिक्षण मंडळानं थेट घेतलेली नोकरी, ही सगळ्यात बरी. आणि शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या खासगी कंपन्या. माझी पहिली दोन वर्षं कंपनीत गेली. करारात तास होते आठवड्याला साडेएकोणतीस. मला वाटलं, वा, तीससुद्धा नाहीत! आतेनं वाचून कपाळाला हात लावला. तीसच्या आत ठेवलं की सामाजिक विम्यातला मालकाचा हिस्सा टाळता यायचा, हे त्यामागचं जुनं गणित. ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा जास्त विमाधारक कामगार असलेल्या कंपन्यांत वीस तासांपासून विमा लागू होतो, त्यामुळे विमा आहे की नाही हे करारात शोधाच. वहीच्या दुसऱ्या पानावर तिनं लाल पेनानं एकच ओळ लिहिलीय: ऑगस्टचा पगार किती? उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर असते. त्या महिन्यात मला निम्मा पगार मिळाला, घरभाडं मात्र पूर्ण गेलं.

पोचल्यावर, घर ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. आणि पहिल्या वर्षी हातात पैसे उरतात म्हणून चेकाळू नका. रहिवासी कर आदल्या वर्षाच्या कमाईवर बसतो, त्याचं पाकीट दुसऱ्या वर्षी जूनमध्ये येतं.

खाऊ

नव्या जागी जाताना सगळ्यांसाठी काहीतरी न्यायचं, जपानीत त्याला ओमियागे म्हणतात, आतेच्या भाषेत पासालुबोंग. आपल्याकडं गावाहून येताना रिकाम्या हातानं येत नाहीत, तसंच. फक्त इथं त्याला नियम आहेत. आते पहिल्या वर्षी सुक्या आंब्याच्या फोडी घेऊन आली आणि तिनं त्या एका बाउलमध्ये ओतून टेबलावर ठेवल्या. संध्याकाळपर्यंत एकही फोड हलली नाही. तिला वाटलं, आवडल्या नाहीत. खरं कारण एवढंच की उघड्या बाउलात हात कोण घालणार? प्रत्येक नग वेगळ्या पाकिटात हवा, पाकिटावर तारीख हवी.

हे ऐकून मी बाकरवडी रद्द केली आणि गुडदाणीची छोटी पाकिटं काढली. आते म्हणाली, "शेंगदाणे?" जपानमध्ये पाकिटावर ज्या ॲलर्जींचा उल्लेख सक्तीचा आहे त्यात शेंगदाणा येतो, आणि शाळा याबाबत फार जपते. शेवटी चहाच्या एकेक पुड्या दिल्या. चहाच्या मळ्यांच्या शिझुओकात चहा घेऊन जाणारी मीच. पण चालल्या, कारण वेलची होती. आधी उपमुख्याध्यापकांना सांगायचं, मग माणसं मोजून प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवत जायचं. शिपाईकाका आणि स्वयंपाकघरातल्या बायका मोजणीत धरायच्या. मी पहिल्यांदा चार कमी आणल्या होत्या.

स्टाफरूम

वर्गातलं काम मला आठवड्यात जमलं, स्टाफरूमला दीड वर्ष गेलं. आतेचंही हेच म्हणणं: "पोरं सगळीकडं पोरंच असतात. तू टेबलावर कशी बसतेस, ते मोठी माणसं बघतात."

या खोलीचा कारभार उपमुख्याध्यापकांकडं, त्यांना क्योतो-सेन्सेई म्हणतात. आठवडाभर मी समजत होते की हे गृहस्थ क्योतो शहरातले आहेत. ते सगळ्यांत आधी येतात, सगळ्यांत शेवटी जातात, फोन उचलतात आणि कोण कुठं आहे ते त्यांना ठाऊक असतं. आत शिरताना खणखणीत 'ओहायो गोझाइमास', म्हणजे सुप्रभात. कुणाकडं न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. निघताना 'ओसाकिनी शित्सुरेई शिमास', म्हणजे तुमच्या आधी निघते, माफ करा. तुमची वेळ संपून वीस मिनिटं झाली असली तरी हे म्हणायचंच. आतेला हे सोपं गेलं. तिच्या भाषेत मोठ्यांशी बोलताना वाक्यागणिक 'पो' लावतात, घरी गेल्यावर थोरांचा हात कपाळाला टेकवतात. मला कमरेत वाकणं जमलं, पण किती वाकायचं ते अजून कळत नाही.

आता माझी चूक. चौथीच्या तासाला पत्त्यांचा खेळ ठरला होता. पोरं कंटाळलेली दिसली म्हणून मी ऐनवेळी खुर्च्या सरकवायचा खेळ घेतला. वर्गशिक्षक हसत उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. पोरं खूश, मी खूश. शेजारच्या वर्गात गणिताची चाचणी चालू होती. त्या बाईंनी इयत्ताप्रमुखांना सांगितलं, त्यांनी क्योतो-सेन्सेईंना, त्यांनी शिक्षण मंडळाला, मंडळानं माझ्या कंपनीला. माझ्यापासून आठ फुटांवर बसणाऱ्या बाईंचं म्हणणं मला संध्याकाळी सात वाजता फोनवर कळलं. रडूच आलं. आते रात्री तिची काळी कडक बाराको कॉफी घेऊन वरच्या मजल्यावरून खाली आली. ती म्हणाली, "त्यांनी तुला वाचवलंय. तोंडावर बोलल्या असत्या तर उद्यापासून दोघींना एकमेकींकडं बघता आलं नसतं." मला हे तेव्हा पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. अशा कंपनीच्या शिक्षकाला शाळेनं परस्पर सूचना द्यायची नसते, हा करारातला भाग पुढं कळला, तेव्हा राग थोडा निवळला.

यावर उपाय होरेनसो. होकोकु, रेनराकु, सोदान या तीन शब्दांची आद्याक्षरं: झालेलं सांगा, होणारं कळवा, शंका असेल तर विचारा. होरेनसोचा दुसरा अर्थ पालक, भाजीतला. मी आता आदल्या दिवशी अर्ध्या पानाचं वेळापत्रक वर्गशिक्षकाच्या टेबलावर ठेवते. खाली एक चौकट: 'खुर्च्या हलणार / हलणार नाहीत'. ती चौकट बघून ते शिक्षक पहिल्यांदा माझ्याशी मोठ्यानं हसले.

जेवण

शाळेचं जेवण, क्युशोकु, पोरांबरोबर वर्गातच. पाळीची मुलं पांढरे ॲप्रन आणि टोप्या घालून वाढतात. सहा वर्षांचं पोरगं डाव धरून सूप मोजतं तेव्हा पंगतीत वाढणाऱ्यांची आठवण येते, फक्त आग्रह नाही. 'इतादाकिमास' म्हटल्याशिवाय कुणी घास घेत नाही. उरलेल्या खाऊसाठी दगड-कागद-कात्री होते आणि त्यात शिक्षकांना सूट नसते. दूध पिऊन झालं की खोका धुवायचा, कडा उकलायच्या, सपाट करून ढिगात लावायचा. मला पहिल्या दिवशी तो उकलता येईना. पहिलीतल्या मुलीनं माझ्या हातातून घेतला, दोन टोकं खेचली आणि परत दिला, जणू माझी आजीच.

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा. भाजीतसुद्धा बहुतेक वेळा दाशी असतं, वाळवलेल्या माशांचं पाणी. 'थोडं चालेल' असं मोघम बोलू नका. मोघम बोललात की रोज कुणीतरी तुमच्यासाठी काळजी करत बसतं. एप्रिलच्या आधीच सांगा: मी डबा आणीन, पण बसेन वर्गातच. माझ्या थालीपिठाला मुलं 'इंडियाचं ओकोनोमियाकी' म्हणतात, ओकोनोमियाकी म्हणजे तव्यावरचं जपानी जाड धिरडं. आते सगळं खाते, पण भात कमी पडतो अशी तिची कायमची तक्रार.

वर्ग

२०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे, तिसरी-चौथीला ओळखीपुरतं. तास ४५ मिनिटांचा. आवाज मोठा, वाक्य छोटं, हातात चित्र. एवढं पुरतं.

उच्चारांवरून टोमणा बसेल, त्याची तयारी ठेवा. पालक बघायला येतात त्या दिवशी एका आईनं वर्गशिक्षकांना हळूच विचारलं, या बाई 'नेटिव' आहेत का? आतेला ऐकू गेलं. तिच्या देशाच्या १९८७ च्या संविधानात इंग्रजी राजभाषा आहे, हे तिनं सांगितलं नाही. तिनं मला सांगितलं ते असं: "माझा प आणि फ घसरतो, तुझे दोन्ही व सारखेच येतात. धडा सुरू व्हायच्या आधी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐक. घसरलं तर ते शब्द डिजिटल पुस्तकातून ऐकव." मी करते. वेस्ट आणि व्हेस्ट अजून त्रास देतात.

सहावीत एक मुलगा होता. जपानमध्ये तीन लाखांहून जास्त फिलिपिनो राहतात, आणि हामामात्सुच्या आसपास कारखान्यांमुळे बाहेरदेशची कुटुंबं बरीच. त्याची आई तिकडची, हे हजेरीतल्या नावावरून आतेनं पहिल्याच दिवशी ओळखलं. मुलगा इंग्रजीच्या तासाला मुद्दाम वाईट वाचायचा. वर्गात ती त्याला काही म्हणाली नाही. फक्त जेवणानंतर झाडलोटीच्या वेळी, तो जिना पुसत असताना, जाता जाता विचारायची, "कुमाइन का ना?" म्हणजे जेवलास का. आपल्यासारखाच त्यांचाही हा ख्यालीखुशालीचा प्रश्न. चार महिने तो मान खाली घालून फडकं फिरवत राहिला. नोव्हेंबरात एकदा म्हणाला, "ओपो." हो जी. एवढंच, आणि पुन्हा पुसू लागला. वहीत याबद्दल एक ओळ आहे: कुणाचं घर वर्गात उघडायचं नाही, जिन्यात विचारायचं.

मार्च

बदल्यांची नावं मार्चच्या अखेरीस कळतात, एप्रिलला नवं वर्ष. हातात जेमतेम आठवडा असतो. खण रिकामा करा, कागद वर्गवार लावून ठेवा, टेबल ओल्या फडक्यानं पुसा. नव्या माणसासाठी वही सोडा, आणि वहीत क्योतो-सेन्सेईंना कॉफी कशी आवडते ते जरूर लिहा. बुटांच्या कपाटात एक जास्तीचा पांढरा जोड ठेवून जा. जपानी माप सेंटिमीटरमध्ये असतं. माझा २३.५ आहे, पण मी ठेवलाय तो २५ चा. लहान पडण्यापेक्षा सैल बरा.