प्रिंटरचा आयपी फायरवॉलवरच पक्का करा

नेटवर्क सपोर्टच्या नोकरीत नव्याने लागलात की एक तक्रार हमखास वाट्याला येते: "सुट्टीआधी प्रिंट निघत होती, आज निघत नाही." केबल ठीक असते, प्रिंटरही चालू असतो. पण सुट्टीत तो बंद राहिलेला असतो, डीएचसीपीची (यंत्रांना आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेची) लीज, म्हणजे आयपी वापरायची मुदत, संपलेली असते आणि प्रिंटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, भलत्याच लॅपटॉपला गेलेला असतो. सगळे कॉम्प्युटर मात्र जुन्याच आयपीवर प्रिंट धाडत राहतात.

अशा वेळी प्रिंटरच्या मेनूत शिरून हाताने स्टॅटिक, म्हणजे कायमचा, आयपी टाकायचा मोह होतो. मी तो कटाक्षाने टाळते. फायरवॉलला, म्हणजे नेटवर्कची ये-जा तपासणाऱ्या यंत्राला, त्याची खबरच नसते, त्यामुळे तोच आयपी पूलमध्ये (आपोआप वाटायच्या आयपींच्या रेंजमध्ये) असेल तर उद्या दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. शिवाय पुढे रेंज बदलायची झाली, तर प्रत्येक यंत्रापाशी जाऊन उभं राहावं लागतं. सगळ्या नोंदी एकाच जागी हव्यात, आणि ती जागा म्हणजे डीएचसीपी चालवणारी फायरवॉल.

पीएफसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरवर हे काम सोपं आहे. 'स्टेटस'मध्ये डीएचसीपी लीजेस उघडा, प्रिंटरची ओळ शोधा आणि तिथूनच स्टॅटिक मॅपिंग (या यंत्राला नेहमी हाच आयपी, अशी नोंद) जोडा. मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाची ओळखखूण, आपोआप भरलेला येतो. आयपी पूलच्या बाहेरचा निवडा. पूल 192.168.10.100 ते 199 असेल, तर प्रिंटरला 192.168.10.20 द्या. दुसऱ्या कंपनीच्या फायरवॉलवर नियम वेगळा असू शकतो, म्हणून तिचं मॅन्युअल आधी वाचा. वर्णनाच्या रकान्यात नुसतं 'प्रिंटर' लिहू नका. 'अकाउंट्स, दुसरा मजला' असं लिहा, तुमच्यानंतर येणारा माणूस दुवा देईल.

सेव्ह केल्यावर लगेच काही बदललं नाही तरी घाबरू नका. यंत्र जुनी लीज धरून असतं आणि साधारण अर्धी मुदत सरली की नूतनीकरण मागतं. पीएफसेन्सची मूळ मुदत 7200 सेकंद, म्हणजे दोन तास असते, त्यामुळे तासभर थांबावं लागेल. घाई असेल तर प्रिंटर बंद करून चालू करा.

मोबाइलच्या बाबतीत जास्त सावध राहा. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून वायफायवर सहसा खरा मॅक दिसतच नाही. ओळखायची खूण सोपी आहे: मॅकमधलं दुसरं अक्षर 2, 6, ए किंवा ई असेल, तर तो बहुधा बनवलेला मॅक असतो. त्या नेटवर्कपुरता खासगी ॲड्रेस बंद केल्याशिवाय नोंद करू नका. लॅपटॉपच्या वायफायचा आणि लॅनचा मॅकही वेगवेगळा असतो.

आयपी पक्का झाला की त्याच्यावर रूल लिहिता येतात, उदाहरणार्थ सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला इंटरनेट बंद. पण याला सुरक्षा समजू नका, कारण कुणीही तोच आयपी हाताने टाकू शकतो. खरी आडकाठी हवी असेल तर कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरच्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये) ठेवा.

आणि प्रिंटर बदलला की नवी नोंद करत बसू नका. जुन्याच नोंदीत नवा मॅक टाका, म्हणजे कॉम्प्युटरवरचा आयपी कुठेच बदलावा लागत नाही.