ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर सॅपकडे जाताना या चुका टाळा

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत ट्रक चालवतो. टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि त्याच दिवशी त्याला गाडीवरून उतरवलं. मग सॅपची, म्हणजे नशेच्या सवयीचं मूल्यमापन करून उपचार सुचवणाऱ्या सबस्टन्स अब्यूज प्रोफेशनलची, पहिली भेट ठरली. हा गडी जाड फाइल घेऊन गेला. त्यात राज्यात गांजा कायदेशीर असल्याचा कागद, पंधरा वर्षांत एकही अपघात नसल्याचा दाखला आणि लॅबने कसा घोळ घातला याचं दोन पानी निवेदन. सॅपबाईंनी फाइल बाजूला ठेवून विचारलं, "पहिल्यांदा कधी ओढलीत?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. रिपोर्ट खरा की खोटा, हे सॅप ठरवत नाही. ते बोलायची जागा आधीची: लॅबचा निकाल आला की एमआरओ, म्हणजे टेस्टचे निकाल तपासणारा डॉक्टर, फोन करतो. भारतातून आणलेलं कोडीनचं खोकल्याचं औषध घेतलं असेल, तर चिठ्ठी त्याला दाखवायची. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या बाटलीची तपासणी हवी असेल, तर त्याने निकाल कळवल्यापासून 72 तासांत मागायची. अनोळखी नंबर म्हणून फोन टाळत राहिलात, तर तुमचं न ऐकताच निकाल पक्का होऊ शकतो. होळीच्या थंडाईतली भांग किंवा राज्याचा गांजा कायदा मात्र तिथेही चालत नाही, कारण हे नियम अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या परिवहन खात्याचे आहेत.

"मला व्यसन नाहीच" हे पटवून देण्यात भेट घालवू नका. नियमानुसार सॅपला निदान काहीतरी शिक्षण किंवा उपचार सुचवावेच लागतात, कोरी सुटका नाही. किती, कधीपासून, कोणासोबत, हे सरळ सांगा. लपवाछपवी केली तर तुमच्या गरजेला न जुळणारे उपचार पदरी पडतात.

सॅप आवडला नाही म्हणून दुसऱ्याकडे नवं मूल्यमापन करून घेता येत नाही. आपला फॅमिली डॉक्टर किंवा ओळखीचा समुपदेशकही चालत नाही. परिवहन खात्याच्या नियमांप्रमाणे पात्र असलेला सॅपच लागतो. कंपनीने कामावरून काढलं तरी अशा सॅपची यादी तिने फुकट द्यायलाच हवी, ती मागून घ्या. पैसे कोणी भरायचे हे नियमात नाही, म्हणून फी आणि इन्शुरन्सचं पहिल्याच फोनवर विचारा.

नोकरी बदलून प्रकरण मिटेल ही आशा सोडा. सीडीएलवाल्यांची, म्हणजे ट्रक-बसचं व्यावसायिक लायसन्स असलेल्यांची, नोंद क्लिअरिंगहाऊसमध्ये, म्हणजे अशा प्रकरणांच्या केंद्रीय ऑनलाइन नोंदवहीत, किमान पाच वर्षं राहते. 18 नोव्हेंबर 2024 पासून तर ही प्रक्रिया पूर्ण न केलेल्याचं व्यावसायिक लायसन्सच राज्य काढून घेतं.

उपचार संपले की लगेच गाडी हाती येते असंही नाही. सॅप पुन्हा भेटतो आणि मग कंपनीने सांगितलेली टेस्ट होते, तीही नमुना देताना समोर माणूस उभा ठेवून. ती निगेटिव्ह आली तरी कामावर घ्यायचं की नाही, हे कंपनी ठरवते. कामावर परतल्यावर पहिल्या 12 महिन्यांत न सांगता किमान सहा टेस्ट होतात, सॅपला वाटलं तर त्या एकूण पाच वर्षांपर्यंत चालतात. मधे कंपनी बदलली तर उरलेल्या टेस्ट नवी कंपनी घेते.